जुनं डच ब्लँकेट कसं ओळखावं?

नेदरलँड्समधल्या जुन्या बाजारात चौकड्यांची, जाड लोकरीची ब्लँकेटं आजही हमखास दिसतात. त्यांतली बरीचशी लायडन आणि तिलबर्ग या दोन गावांतली. लायडनला लोकरी कापडाची शतकांची परंपरा. तिथल्या झालबर्ग कारखान्याची ब्लँकेटं प्रसिद्ध होती. तिलबर्गचा कारखाना म्हणजे ‘आबे’.

आधी कोपऱ्यावरचं लेबल शोधा. त्यावर वूलमार्क हे शुद्ध लोकरीचं चिन्ह असेल तर ब्लँकेट 1964 नंतरचं, कारण ते चिन्हच त्या वर्षी आलं. लेबल गेलं असेल तर लोकर अस्सल आहे का हे पाहायला काठातला एक धागा काढून जाळा. अस्सल लोकरीला जळक्या केसांसारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो. दोन्ही दिसलं, तर मिश्रण समजा.

किंमत मात्र वयावर नाही, अवस्थेवर ठरते. उजेडासमोर धरलं की कसरीनं पाडलेली भोकं लगेच दिसतात. गरम पाण्यात धुतलेलं ब्लँकेट आटून नमद्यासारखं घट्ट होतं, मग भाव कोसळतो. काठाची सॅटिनची पट्टी उसवली असेल तर फार बिघडत नाही, ती बदलता येते.

1959 मध्ये ग्रोनिंगेनला नैसर्गिक वायू सापडला, घरं उबदार झाली, पुढे हलक्या रजया आल्या आणि ही ब्लँकेटं माळ्यावर गेली. म्हणूनच ती दुर्मीळ नाहीत. ‘दुर्मीळ’ म्हणून कुणी अवाच्या सवा किंमत सांगितली, तर सरळ पुढच्या दुकानाकडे वळा.