किमान एकदा
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आणि 'गणितावर बोल, पण कुणाला झोप येऊ देऊ नकोस' अशी अटही घातली. म्हणून दहावीच्या पुस्तकातल्या 'संभाव्यता' या एकाच धड्यावर, आणि त्यातल्याही एकाच शब्दावर बोलतो. तो शब्द आहे 'किमान'.

सोपं उदाहरण घेऊ. एक नाणं दोनदा उडवलं. किमान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती? दालांबेर नावाच्या मोठ्या फ्रेंच गणितज्ञानं 1754 साली याचं उत्तर दिलं होतं दोन तृतीयांश. त्याचं म्हणणं असं : पहिल्याच वेळी छापा पडला तर काम झालं, नाहीतर दुसऱ्या वेळी पडेल, नाहीतर पडणारच नाही. शक्यता तीन, त्यांतल्या दोन आपल्या बाजूच्या. ऐकायला पटतं, पण उत्तर चूक आहे. कारण या तीन शक्यता समसंभाव्य नाहीत. नमुना अवकाश नीट लिहिला की छाछा, छाका, काछा आणि काका असे चार घटक मिळतात. (वर्गात फळ्यावर 'काका' लिहिलं की मागच्या बाकांवरून हशा येतोच.) या चारांत छापा नसलेले एकटे काका. म्हणून उत्तर तीन चतुर्थांश.

यातली युक्ती लक्षात ठेवा. प्रश्नात 'किमान एकदा' दिसलं की उलटीकडून मोजायचं. 'एकदाही नाही' याची संभाव्यता काढायची आणि ती 1 मधून वजा करायची. पुस्तकात हिला पूरक घटना म्हणतात.

आता हीच युक्ती आपल्यावर लावू. एका वर्गात 23 मुलं आहेत. त्यांतल्या किमान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची संभाव्यता किती? वर्षाचे दिवस 365, मुलं फक्त 23; बहुतेक जण 'फार कमी' असं म्हणतात. उलटीकडून मोजा. दुसऱ्या मुलाला पहिल्याची तारीख टाळायला 365 पैकी 364 दिवस मोकळे आहेत, तिसऱ्याला 363, असं करत तेविसाव्याला 343. हे सगळे अपूर्णांक गुणले की 'कुणाचीच तारीख जुळत नाही' याची संभाव्यता सुमारे 49 टक्के येते. म्हणजे जुळण्याची जवळजवळ 51 टक्के. कारण मुलं 23 असली तरी त्यांच्या जोड्या 253 होतात, आणि प्रश्न जोड्यांचा आहे. साठ मुलांच्या वर्गात ही संभाव्यता 99 टक्क्यांच्या वर जाते.

पण आपल्या पिढीच्या हजेरीपटावर हे गणित लावायला गेलं, तर वेगळीच गंमत दिसते. आपल्याकडे कितीतरी जणांचा वाढदिवस 1 जून! जन्माचा दाखला नसला, की गुरुजी वयाचा अंदाज घेऊन 1 जून लिहून टाकत आणि मूल शाळेत दाखल होई. आता हात वर करायला सांगितलं तर या सभागृहातही दोन-चार हात वर येतील. म्हणजे 'सगळे दिवस सारखेच' हे गृहीतक आपल्या हजेरीपटावर टिकत नाही. तारखा जुळण्याची शक्यता उलट वाढते. उदाहरण सोडवताना सूत्र शेवटी येतं. आधी विचारायचं : शक्यता खरंच समसंभाव्य आहेत का?

हा प्रश्न परीक्षेपुरता असता, तर आज तुमचा वेळ घेतला नसता. पण आपण वसई-विरारची माणसं. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी आणि पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर, अशा मध्ये आपण राहतो. 10 जुलै 2018 रोजी नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढलं, लोकल बंद पडल्या, हे तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवलंय. अशा वेळी एक वाक्य हमखास कानावर येतं : 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर होता, आता काळजी नाही.'

शंभर वर्षांतून एकदा, याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता. नाण्याला मागची फेक आठवत नाही. या हिशेबात पावसालाही मागचं वर्ष आठवत नाही, असं धरतात. समजा, तुमच्या मुलीनं वीस वर्षांच्या कर्जावर तळमजल्याचं घर घेतलं. कर्ज फिटेपर्यंत असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता किती? उलटीकडून मोजा. एका वर्षी न येण्याची शक्यता 0.99. ती वीस वेळा स्वतःशी गुणली की सुमारे 0.82 येतात. उरले 18 टक्के. साधारण साडेपाचात एक. जमीन आणखी सखल असेल आणि पाणी पंचवीस वर्षांतून एकदा शिरत असेल, तर हाच आकडा 56 टक्के होतो. नाण्याच्या फेकीपेक्षाही जास्त!

आणि इथेही 1 जूनचा प्रश्न विचारायलाच हवा : सगळी वर्षं सारखीच आहेत का? आपल्या लहानपणी पाणी भातशेतीत आणि मिठागरांत पसरायचं. तिथं भराव पडला, इमारती उभ्या राहिल्या, नाले अरुंद झाले, की पाऊस तेवढाच पडला तरी पाणी जास्त चढतं. मग जुन्या नोंदींवरून काढलेला 'शंभरात एक' हा आकडा आपोआप खोटा ठरतो. आपल्या आज्या-पणज्यांनी ही धडपड न करताच घराचं जोतं उंच बांधलं होतं.

घर घेऊ नका, असं मी सांगत नाही. बिल्डरच्या माणसानं 'इथं सहसा पाणी भरत नाही' असं म्हटलं, तर 'सहसा' म्हणजे किती वर्षांत किती वेळा, एवढं विचारा. मग शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा, भिंतीवरच्या ओलीच्या खुणा बघा आणि कागदावर दोन ओळींचा हिशेब मांडा. त्याला दहावीपुरतं गणित पुरतं.

आपल्या गुरुजनांनी आपल्याला पायऱ्या लिहायला लावल्या, नुसत्या उत्तराला गुण दिले नाहीत. त्याचा उपयोग मार्कलिस्टपेक्षा अशा ठिकाणी जास्त होतो. त्यांना नमस्कार करतो, आणि दिलेल्या वेळेत थांबतो.