आणखी एक वर्ष

(वार्षिक दिनी झालेल्या भाषणाचा गोषवारा)



परळ-लालबागच्या चाळीत बाग म्हणजे गॅलरीच्या कठड्याजवळच्या चार कुंड्या. आमचीही तेवढीच. पण फुलापानांतून देवाकडे पाहण्याची वाट आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांच्या ओळखीची आहे. पुढे रेव्हरंड झालेल्या नारायण वामन टिळकांनी १८९५ साली याच मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि १९१९ साली याच शहरात त्यांचा अंत झाला. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र आजही त्यांना ओळखतो.

लूककृत शुभवर्तमानात प्रभू येशूने एक दाखला सांगितला आहे. अंजिराच्या झाडाला तीन वर्षे फळ येत नाही. मालक म्हणतो, तोडून टाका. माळी विनवतो, एवढे एक वर्ष राहू द्या. मी भोवती खणीन, खत घालीन. लहानपणापासून मी हा दाखला सबुरीचा म्हणून ऐकत आलो. त्याचा खरा अर्थ मला एका कुंडीने शिकवला.

एका उन्हाळ्यात आमचा कढीपत्ता सुकू लागला. रोज पाणी घालूनही पाने गळत होती. शेजारच्या आजींनी माती चाचपून पाहिली व म्हणाल्या, "अरे, माती घट्ट झाली आहे. तुझे पाणी कडेकडेने खाली निघून जाते, मुळे कोरडीच राहतात." खुरप्याने माती मोकळी केली, मग खत घातले. तेव्हा माळ्याच्या बोलण्यातील क्रम उमगला. आधी खणणे, मग खत. त्याने मागितलेले वर्ष नुसते वाट पाहण्याचे नव्हते, कष्टाचे होते.

रुग्णशय्येवरील माणूसही भयाने, खर्चाच्या चिंतेने असाच घट्ट झालेला असतो. उत्तम उपचारही त्याच्या मनाच्या कडेने निघून जातात. परिचारिका दोन मिनिटे खाटेपाशी बसते, नावाने हाक मारते, तेव्हा ती माती मोकळी होते.

आमच्या कुंडीत न लावता सदाफुलीही उगवली आहे. तिला आपण रानटी समजून उपटतो. याच वनस्पतीपासून व्हिन्क्रिस्टिन हे औषध मिळते आणि रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांच्या उपचारात ते वापरले जाते. कोणते झाड निरुपयोगी, हे ठरवण्याची घाई करू नये, एवढे ती शिकवते. (घरी तिचा काढा मात्र कोणी करू नये, ती विषारी आहे.)

आता एक कठीण गोष्ट. सर्व प्रयत्न करूनही काही रुग्ण आपल्या हातून निसटतात. त्या रात्री, आपले कष्ट वाया गेले का, हा प्रश्न तुम्हाला छळत असेल. दाखला पुन्हा वाचावा. त्या झाडाला अखेर अंजीर आले की नाही, हे येशूने सांगितलेच नाही. सांगितली ती माळ्याची विनवणी आणि त्याची तयारी. फळ देणारा परमेश्वर आहे. आपल्या हाती खुरपे आहे.

आमच्या कढीपत्त्याला पालवी फुटली. तशी ती प्रत्येक वेळी फुटेलच असे नाही. तरीही सकाळी उठून माती मोकळी करावी, आणि देवाजवळ आणखी एक वर्ष मागावे. अशा विनवणीसाठीच धर्मादाय रुग्णालये उभी राहतात, अशी माझी श्रद्धा आहे.

परमेश्वर आपल्या सेवेला आशीर्वाद देवो.