शाळेचे संगणक आणि लिनक्सवरचं सॉफ्टवेअर



आपल्या बॅचने शाळेला लिनक्सचे संगणक द्यायचं ठरवल्यापासून एकच प्रश्न येतोय : त्यांवर सॉफ्टवेअर टाकायचं कसं? त्याविषयी थोडं बोलतो.

डेबियन, उबुंटूमध्ये 'एप्ट' असतं. प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी एकाच भांडारातून येतात. एक लायब्ररी अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात. २०१४ साली ओपनएसएसएल या लायब्ररीत 'हार्टब्लीड' ही त्रुटी सापडली. तेव्हा ती एक लायब्ररी अद्ययावत करून प्रोग्रॅम पुन्हा सुरू केले, की ती वापरणाऱ्या सगळ्यांची दुरुस्ती झाली. तोटा असा, की डेबियनच्या स्थिर आवृत्तीत प्रोग्रॅम थोडे जुने मिळतात.

फ्लॅटपॅक, स्नॅप, ॲपइमेज म्हणजे ज्याचा त्याचा डबा. नवी आवृत्ती लवकर मिळते, पण जागा जास्त लागते आणि प्रत्येक डब्यातली त्रुटी वेगळी दुरुस्त करावी लागते. स्नॅप आपोआप अद्ययावत होतं. ॲपइमेजची फाइल बहुधा आपणच बदलायची. सोर्स कोडवरून स्वतः बसवलेल्या प्रोग्रॅमची तर एप्टकडे नोंदच नसते.

म्हणून माझा आग्रह आहे, की लिबरऑफिस, जीकॉम्प्री वगैरे सगळं एप्टनेच बसवू या. आपण उद्या आपापल्या गावी जाऊ. संगणक सरांना आणि बाईंना सांभाळायचे आहेत. त्यांना 'सुडो एप्ट अपडेट' आणि 'सुडो एप्ट अपग्रेड' या दोन आज्ञा पुरल्या पाहिजेत.