टोकन द्यायच्या आधी

ताई, मावश्यांनो, खारकोपरला लोकल आली, अटल सेतू झाला, शेजारी विमानतळ. आता उलव्यात जिकडे बघावं तिकडे एजंटचा बोर्ड. माणूस ओळखीचा, कधी गावचाच असतो, म्हणून कागद मागायला आपल्याला संकोच वाटतो. घोळ तिथेच होतो.

नव्या प्रकल्पातलं घर विकणाऱ्या एजंटकडे स्वतःचा महारेरा नंबर असावाच लागतो. बिल्डरच्या प्रकल्पाचा नंबर वेगळा. दोन्ही वहीत लिहून घ्या आणि गटातल्या शिकलेल्या पोरीला महारेराच्या वेबसाइटवर बघायला सांगा. "नंतर देतो" म्हणाला, तर चहा पिऊन उठा.

आता पैशाचं. दलाली किती आणि कधी द्यायची, हे आधीच लेखी ठरवा. घराचे पैसे मात्र एजंटच्या हातात द्यायचे नाहीत. ते चेकने, बिल्डरच्या खात्यात, आणि पावती घ्यायची. साठेखत रजिस्टर होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असा कायदाच आहे. घर जुनं आणि प्लॉट साडेबारा टक्क्यांचा असेल, तर सिडकोच्या दप्तरी कुणाचं नाव आहे ते आपण स्वतः जाऊन विचारायचं. एजंटच्या मोबाइलमधला फोटो चालायचा नाही.

आणि घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. 30 लाखांच्या घराला 30 हजार वाचतात! एजंट हे सहसा सांगत नाही. तो बोलतो घरातल्या पुरुषाशी.

ज्यांचं बोलणं चालू आहे, त्यांनी पुढच्या बैठकीला कागद आणा. एकत्र वाचू.