देवाणघेवाणीचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘परदेशातल्या गोड आठवणी सांग’ अशी आज्ञा केली आहे. आठवणी पुष्कळ आहेत आणि त्या गोडही आहेत. पण खरे सांगायचे तर मी आज उभी आहे ती हिशेब द्यायला. २०२२ साली मी जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठात एका वर्षासाठी निघाले, तेव्हा मंडळाने माझ्या विमानाच्या तिकिटासाठी ५०,००० रुपये बिनव्याजी दिले. त्या सभेत बराच वाद झाला होता, हे मला ठाऊक आहे. “मुलगी इथे एम. ए. करतेच आहे, मग मध्येच एक वर्ष तिकडे कशाला?” असे एका मावशींनी विचारले होते. प्रश्न रास्त होता. पैशांचा शेवटचा हप्ता मी गेल्या महिन्यात भरला. त्या प्रश्नाचे उत्तर देणे मात्र राहिले आहे.

आधी ही व्यवस्था कशी असते ते थोडक्यात सांगते. दोन विद्यापीठे आपसांत करार करतात. इकडचे विद्यार्थी तिकडे जातात, तिकडचे इकडे येतात. फी आपण आपल्याच विद्यापीठात भरायची. हायडेलबर्ग ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, तेथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सहामाहीस १,५०० युरो फी पडते. करारान्वये आलेल्यांना ती माफ असते. पण राहण्याजेवण्याचा खर्च आपलाच. मी गेले त्या वर्षी व्हिसासाठी १०,३३२ युरो बँकेत ठेवून दाखवावे लागत आणि त्यांतून महिन्याला ८६१ युरोच काढता येत. बाबांनी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढली आणि तरीही तिकिटाचे पैसे कमी पडले. ते तुम्ही दिलेत.

हायडेलबर्ग हे नेकार नदीच्या काठचे लहानसे गाव. वर डोंगरावर पडका किल्ला, खाली दगडी पूल. विद्यापीठ १३८६ सालचे, आजच्या जर्मनीतले सर्वांत जुने. पण आपल्या मंडळाला सांगण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. एवढ्या जुन्या विद्यापीठाने स्त्रियांना नियमित विद्यार्थिनी म्हणून प्रवेश दिला तो १९०० साली, आणि सबंध जर्मनीत हा मान पहिल्याने त्या वेळच्या बाडेन राज्याकडे जातो. आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या १८८६ मध्ये! हे वाचले तेव्हा परक्या गावात मला जरा ताठ मानेने चालता आले.

ताठ मान फार दिवस टिकली नाही, हेही कबूल करते. ऑक्टोबरात पोचले आणि दोन आठवड्यांत दिवाळी आली. युक्रेनच्या युद्धामुळे त्या हिवाळ्यात इंधन जपून वापरायचा सरकारी हुकूम होता. सार्वजनिक इमारतींतल्या खोल्या १९ अंशांच्या वर तापवायच्या नाहीत. वाचनालयात आम्ही कोट घालूनच बसत असू. दुपारी साडेचार-पाचला अंधार. रविवारी दुकाने बंद. वसतिगृहात आम्ही पाच जणी, स्वयंपाकघर एकच. भिंतीवर स्वच्छतेची पाळी लावलेली. माझा आठवडा चुकला तर कोणी रागावत नसे, फक्त माझ्या नावापुढचा चौकोन रिकामा दिसे. घरी एकदाही न्हाणीघर न घासलेल्या मुलीला तो रिकामा चौकोन फार बोचला! लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी आईला फोन करून ‘मी परत येते’ म्हणून सांगितले. आईने फक्त एवढेच विचारले, “मंडळाला काय सांगू?” भगिनींनो, तुमच्या ५०,००० रुपयांनी मला त्या दिवशी तिथे थोपवले.

आता अभ्यासाचे. तेथे १९६२ पासून दक्षिण आशिया संस्था आहे. गुंथर सोन्थायमर हे विद्वान तेथलेच. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे हिंडून त्यांनी धनगरांच्या ओव्या आणि खंडोबा, बिरोबा, म्हसकोबा या दैवतांचा अभ्यास केला. १९९२ साली ते वारले. त्यांचे पुस्तक मी तेथल्या वाचनालयात प्रथम हातात घेतले. आमचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आजीचे माहेर पुरंदर तालुक्यातले, आणि हे पुस्तक मला भेटावे नेकारच्या काठी!

डिसेंबरात वर्गात मला निबंध वाचायचा होता. मी पुस्तकातले सगळे मुद्दे नीट मांडले. संपल्यावर सारी मुले बाकांवर बोटांनी टकटक करू लागली. माझी हुर्यो उडवताहेत असे वाटून डोळ्यांत पाणी आले. शेजारच्या मुलीने सांगितले की येथे टाळ्यांऐवजी असेच करतात. पण बाईंनी एकच प्रश्न विचारला: “हे पुस्तकात आहेच. तुमच्या घरातल्या बायका काय म्हणतात?” मला उत्तर देता आले नाही. आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते हे मला ठाऊक होते. पण ती काय म्हणते, ते मी कधी ऐकूनच घेतले नव्हते.

त्या रविवारपासून मी आजीला फोन करू लागले. तिकडे दुपारचे बारा, इकडे साडेचार. “अगं, ते काय लिहून घ्यायचं असतं?” असे म्हणून आजीने पहिल्यांदा हसण्यावारी नेले. मग म्हणाली, “जातं पुढ्यात नाही, हात फिरत नाही, तर आठवणार कसं?” आईने माळ्यावरचे लहान जाते काढून तिच्यापुढे मांडले. हात फिरू लागला आणि आजीला आठवू लागले. मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात बसून लिहून घेई. शेजारच्या मुली चहा घेऊन येत, अर्थ विचारीत. मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगे. त्यांतली एक पुढे आपल्या आजीला फोन करून युद्धानंतरच्या दिवसांबद्दल विचारू लागली. देवाणघेवाण म्हणतात ती ही असावी.

काही ओव्या म्हणून झाल्यावर आजी सांगे, “ही लिहू नकोस. ती सासूबाईंवरची आहे.” मी पेन खाली ठेवी. जुलैत, माझ्या परतण्याच्या आधीच्या रविवारी, ती आपणहून म्हणाली, “त्या राहिलेल्याही लिही. आता त्या कुठे रागवायला आहेत!” चौदाव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या मुलीने कोणाजवळ बोलता येत नव्हते ते जात्याजवळ सांगितले होते, एवढेच इथे सांगते.

आता तोट्याची बाजू. परत आल्यावर दोन विषयांचे श्रेयांक आमच्या कचेरीने मान्य केले नाहीत. विषयांची नावे जुळत नाहीत, असे कारण. ते दोन्ही विषय मला पुन्हा द्यावे लागले आणि पदवी सहा महिने उशिरा मिळाली. चूक माझीही होती. निघण्यापूर्वी कोणता विषय कोणत्या विषयाऐवजी धरणार, हे मी लेखी, सहीशिक्क्यानिशी घ्यायला हवे होते. मी तोंडी होकारावर विसंबले. उद्या ज्या मुली जातील त्यांनी हा कागद आधी करून घ्यावा. तेथे जाऊन विषय बदलला तर नव्या कागदावर नवी सही घ्यावी. आणि जाण्यापूर्वी थोडी भाषा, चार भाज्या आणि न्हाणीघर घासणे एवढे तरी शिकून घ्यावे.

मी ऑगस्ट २०२३ मध्ये परतले. त्याच डिसेंबरात आजी गेली. मला तिच्याजवळ चारच महिने मिळाले. त्यांत तिने आणखी ओव्या सांगितल्या; सगळ्या मिळून ८३ झाल्या. जाते बंद झाल्यावर काही तिच्याबरोबरच गेल्या असतील.

मावशी, तुमचा प्रश्न मी विसरलेले नाही. एक वर्ष कशाला, म्हणाला होतात. त्या वर्षात माझी सहामाही बुडाली, बाबांची शिल्लक आटली. कमावले काय, तर जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी मला माझ्याच घरचे विचारले आणि मला ते सांगता आले नाही. घरी राहिले असते तर आजीला मी विचारले असते का? नसते, असेच प्रामाणिकपणे वाटते.

त्या ओव्यांच्या वहीची एक प्रत मी आज मंडळाच्या वाचनालयाला देत आहे. तिची शेवटची वीस पाने कोरी ठेवली आहेत. तुमच्यापैकी ज्यांना जात्यावरचे काही आठवत असेल त्यांनी सांगावे. मी दर शनिवारी चार वाजता येथे बसेन. माझे फेडलेले ५०,००० रुपयेही निधीतच राहू द्यावे आणि पुढच्या मुलीला द्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.