एक कुरआन, अनेक किराअती
(तरुणांच्या अभ्यास शिबिरातील भाषण)

 

आज एका भांडणापासून सुरुवात करतो. भांडण प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हयातीतले आहे. हजरत उमर यांनी हिशाम बिन हकीम यांना नमाजमध्ये सूरह फुरकान पढताना ऐकले. काही शब्द आपण शिकलो त्याहून वेगळे आहेत, हे त्यांच्या लक्षात आले. नमाजमध्येच धरावे असे वाटले, पण सलाम फेरेपर्यंत ते कसेबसे थांबले. मग हिशाम यांची चादर त्यांच्याच गळ्याभोवती आवळून उमर त्यांना प्रेषितांपुढे घेऊन गेले.

प्रेषितांनी आधी हिशामना सोडायला सांगितले. मग त्यांना पढायला लावले आणि म्हणाले, हे असेच उतरले आहे. नंतर उमरना पढायला लावले. त्यावरही तेच उत्तर. कुरआन सात 'हर्फां'वर उतरला आहे, तुम्हाला जे सोपे जाईल ते पढा, असे त्यांनी समजावले. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

हा फरक निरनिराळ्या टोळ्यांच्या बोलींचा होता, असे काहीजण सांगतात. पण उमर आणि हिशाम दोघेही कुरैशच होते. 'सात हर्फ' म्हणजे नेमके काय, यावर विद्वानांची चाळीसच्या आसपास मते असल्याचे सुयूतींनी नोंदवले आहे. तेव्हा एका वाक्यात याचा निकाल लावणाऱ्याकडे थोडे सावधपणेच पाहा.

हे आज का सांगतो आहे? तुमच्या फोनवर दोन प्रकारचे मेसेज येतात. एक म्हणतो, "मुसलमानांचा कुरआन एक नाहीच, मोरोक्कोत वेगळा छापतात." दुसरा आपल्याच माणसांचा असतो: "जगात कुठेही जा, जेर-जबरचाही फरक सापडणार नाही." पहिल्याचा हेतू वाईट असेल, दुसऱ्याचा चांगला. पण दोघेही तुम्हाला पूर्ण गोष्ट सांगत नाहीत. दुसऱ्या मेसेजवर भरवसा ठेवलेल्या मुलाने उद्या मोरोक्कोचा मुसहफ उघडला, तर आपल्याला घरच्यांनीच फसवले असे त्याला वाटेल. ही वेळ येऊ नये म्हणून आपण आपला इतिहास स्वतः वाचला पाहिजे.

तर इतिहास असा. सुमारे 650 साली खलिफा उस्मान यांनी जैद बिन साबित आणि इतरांकडून एक प्रमाण प्रत तयार करवून घेतली. तिच्या नकला मोठ्या शहरांना पाठवल्या आणि इतर लिखाण जाळायला सांगितले. ही माहितीही बुखारीतच आहे. त्या काळच्या अरबी लिपीत जेर, जबर, पेश नव्हते आणि नुक्तेही क्वचितच असत. त्यामुळे लिहिलेली प्रत ही आठवणीला आधार होती. कुरआन खरा शिकला जाई तो उस्तादांच्या तोंडून. मदिना, मक्का, बसरा, कूफा, दमिश्क अशा शहरांत मग पठणाच्या वेगवेगळ्या परंपरा रुजल्या.

दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुजाहिद यांनी त्यांपैकी सात कारींच्या किराअती निवडून ग्रंथ लिहिला. ही निवड त्यांची. हदीसमधले सात हर्फ आणि या सात किराअती एकच, असा समज मात्र आजही आढळतो. त्याच काळात उस्मानी लिखाणाबाहेरचे पाठ पढणाऱ्या इब्न शनबूज यांच्यावर बगदादमध्ये खटला चालला, त्यांना फटके बसले आणि मत मागे घ्यावे लागले. म्हणजे पाठ ठरवण्यात विद्वत्तेबरोबर सत्तेचाही हात होता. पुढे इब्न अल-जजरी यांनी (मृत्यू 1429) आणखी तीन किराअती मान्य धरून संख्या दहावर नेली. त्यांच्या कसोट्या तीन: पाठ अरबी व्याकरणाला धरून असावा, उस्मानी लिखाणात बसावा आणि त्याची गुरुपरंपरा भक्कम असावी.

आता उदाहरणे. सूरह फातिहात आपण 'मालिकि यौमिद्दीन' पढतो, म्हणजे न्यायाच्या दिवसाचा मालक. मोरोक्को, अल्जीरियात 'मलिकि' पढतात, म्हणजे राजा. रोजा न जमणाऱ्याने द्यायच्या फिदयाच्या आयतीत (2:184) आपल्याकडे 'मिस्कीन' हे एकवचन आहे, तिकडे 'मसाकीन' हे अनेकवचन. बाकी बहुतेक फरक उच्चाराचे आहेत. 'मुअ्मिनून'ऐवजी ते 'मूमिनून' म्हणतात, इतकेच. आयतींची मोजणीही वेगळी: कूफी पद्धतीने 6236, तर वर्शच्या मुसहफात 6214. मजकूर गळलेला नाही, आयत कुठे संपते एवढाच प्रश्न आहे. आणि लहानपणी आपण पाठ केलेला 6666 हा आकडा यांपैकी कुठल्याच मोजणीत बसत नाही!

आपण पढतो ती किराअत कूफ्याच्या आसिम यांची, त्यांचे शिष्य हफ्स यांच्यामार्फत आलेली. तुर्की उस्मानी साम्राज्यात ती पसरली, आणि 1924 मध्ये कैरोत तिचाच मुसहफ छापला गेल्यावर तिला मोठेच बळ मिळाले. मदिनेच्या नाफे यांची किराअत वर्श यांच्यामार्फत मोरोक्को, अल्जीरिया आणि पश्चिम आफ्रिकेत चालते, तर कालून यांच्यामार्फत लिबियात. सूदानमध्ये बसऱ्याच्या अबू अम्र यांची किराअत अद्दूरी यांच्यामार्फत आजही ऐकू येते. मदिनेचा सरकारी छापखाना हफ्सबरोबर वर्शचाही मुसहफ छापतो. जे तिथे छापले जाते, त्याला आपल्या मोहल्ल्यात कोणी 'गलत' म्हटले, तर गलती कोणाची?

काही प्रश्न याहून अवघड आहेत. 1972 मध्ये येमेनमधल्या सना इथल्या मशिदीत जुनी चर्मपत्रे सापडली. त्यांतल्या एका प्रतीत पुसलेल्या थरातला मजकूर उस्मानी पाठाहून जागोजागी वेगळा आहे. अभ्यासक त्यावर काम करत आहेत. अशा शोधांना घाबरण्याचे कारण नाही. इब्न मसऊद यांच्यासारख्या सहाबींच्या पठणातले फरक आपल्या जुन्या विद्वानांनीच लिहून ठेवले आहेत. ते लपवावेत असे त्यांना वाटले नाही.

शेवटी एक आयत. सूरह हुजुरातमध्ये (49:6) सांगितले आहे की, अविश्वासू माणसाने खबर आणली तर आपण काय करावे. आपण पढतो 'फतबय्यनू', म्हणजे शहानिशा करा. हमजा आणि किसाई यांच्या किराअतीत आहे 'फतसब्बतू', म्हणजे थांबा, घाई करू नका. नुक्ते काढले तर दोन्ही शब्द लिहायला सारखेच. आणि अर्थ एकमेकांना खोडत नाहीत, पूर्ण करतात. न थांबता शहानिशा होत नाही. मेसेज पुढे ढकलण्याआधी हे दोन्ही शब्द आठवा.

आपल्या महाराष्ट्रात कोकणातले मुसलमान बहुधा शाफई, घाटावरचे हनफी. एकाच सफमध्ये कोणी छातीजवळ हात बांधतो, कोणी नाभीखाली, आणि नमाज दोघांचीही होते. एवढे वेगळेपण आपल्याला पेलते. मग एखादी बहीण प्रश्न विचारते, एखादा भाऊ वेगळे मत मांडतो, तेव्हा आपला हात लगेच त्याच्या गळ्याकडे का जातो?

उमर यांचा राग खरा होता, श्रद्धेतून आलेला होता. पण प्रेषितांनी आधी समोरच्याला मोकळे केले आणि मग त्याचे ऐकून घेतले. त्याच क्रमाने वागायला आपण शिकू या.