कंपनीकडून राजाकडे : व्हर्जिनियाची कथा



कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आले, हे १८५८ सालासंबंधीचे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहो. असाच एक पालट त्याच्या सव्वादोनशेहून अधिक वर्षे आधी अमेरिकेच्या किनाऱ्यावर घडून गेला होता. तेथील व्हर्जिनिया कंपनीचे खजिनदार सर थॉमस स्मिथ हेच आपल्या परिचयाच्या ईस्ट इंडिया कंपनीचेही पहिले गव्हर्नर. दुकाने दोन, गल्ल्यावर माणूस एक!

१६०७ साली जेम्सटाउन वसले ते सोन्याच्या आशेने. सोने मिळाले नाही, तंबाखू मिळाली. कंपनीच्या अमदानीत सहा हजारांहून अधिक माणसे तिकडे गेली. १६२५ च्या मोजदादीत जेमतेम बाराशे आढळली. रोगराई, उपासमार आणि १६२२ साली मूळ रहिवाशांनी केलेला हल्ला यांत कंपनीची पत बुडाली. १६२४ साली न्यायालयाने तिची सनद रद्द केली आणि वसाहत राजाच्या ताब्यात गेली.

मग बदलले काय? आमच्या मते, प्रारंभी फारच थोडे. कंपनीने १६१९ साली बोलावलेली प्रतिनिधिसभा राजाने मान्यही केली नाही आणि मोडलीही नाही. वसाहतवाले आपले जमतच राहिले. अखेर १६३९ साली राजाने तिला मान्यता दिली. मधल्या काळात, १६३५ साली, सर जॉन हार्वे या गव्हर्नराशी बिनसले तेव्हा त्याच्याच मंडळातील सभासदांनी त्याला जहाजावर चढवून विलायतेस धाडले. राजाने त्याला परत पाठविले खरे. पण दोन वर्षांतच त्याला ती जागा सोडावी लागली.

खरा पालट दिसतो तो सर विल्यम बर्कली यांच्या दुसऱ्या कारकीर्दीत. १६६० च्या नौकानयन कायद्याने तंबाखू इंग्लंड व त्याच्या वसाहती सोडून इतरत्र नेण्याची बंदी झाली. भाव पडले, पण राजाला जकात मिळत राहिली. ह्याच दुसऱ्या चार्ल्सने १६६८ साली मुंबई मात्र उलट दिशेने, वर्षाला दहा पौंड खंडावर, कंपनीला देऊन टाकली. मुंबई खर्चात घालीत होती, व्हर्जिनिया उत्पन्न देत होती. राजनीतीचे सूत्र एवढे सोपे होते.

बर्कलीसाहेबांनी १६६१ ते १६७६ एकच सभा निवडणुकीशिवाय चालविली. ती बड्या मळेवाल्यांच्या सोयीची होती. कराराने राबून मोकळे झालेल्या गोऱ्या गरिबांना जमीन मिळे ती सरहद्दीवर, आणि १६७० साली भूमिहीनांचा मताधिकारही गेला. १६७६ साली नॅथॅनियल बेकन याने बंड पुकारले. हे बंड म्हणजे स्वातंत्र्याची पहिली आरोळी, असे पुष्कळांनी लिहिले आहे. आम्हांला ते पटत नाही. बेकनच्या लोकांनी निरुपद्रवी मूळ जमातींवरही तलवार चालविली. पण त्याच्या सैन्यात गोरे चाकर आणि काळे गुलाम खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि मळेवाल्यांची झोप उडाली ती ह्याने. सप्टेंबरात जेम्सटाउन जळाले, ऑक्टोबरात बेकन आजारात मेला, आणि बर्कलीने २३ जणांना फाशी दिले.

यानंतर दोन गोष्टी झाल्या. पहिली, १६८० साली तंबाखूच्या प्रत्येक पिंपावरील दोन शिलिंगांचा निर्यातकर कायमचा राजाच्या नावे झाला. त्यातून गव्हर्नराचा पगार निघे. मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नराचा पगार सभा दरसाल मंजूर करी व त्या लगामाने त्याला वळवी. व्हर्जिनियाच्या हातून तो लगाम सुटला. दुसरी गोष्ट अधिक दारुण. गोऱ्या चाकरांची आवक आटत चालली आणि आफ्रिकेतून गुलाम आणण्याचा व्यापार वाढला. त्या व्यापाराचा मक्ता असलेल्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा प्रमुख राजाचा सख्खा भाऊ होता. आई गुलाम तर मूलही गुलाम, हा कायदा १६६२ चाच. १७०५ साली असे सारे कायदे एकत्र बांधले गेले आणि गुलाम माणूस स्थावर मालमत्ता ठरला. हे कायदे लंडनने लादले नव्हते. ते त्याच लोकनियुक्त सभेने केले आणि राजाच्या गव्हर्नराने त्यांना संमती दिली. सभा आणि गव्हर्नर एरवी भांडत. येथे त्यांचे एकमत होते.

पुढे पुढे तर गव्हर्नराचे समुद्र ओलांडणेही थांबले. ऑर्कनीचा अर्ल १७३७ साली मरेपर्यंत व्हर्जिनियाचा गव्हर्नर होता. त्याने व्हर्जिनिया कधी पाहिली नाही. कारभार नायब गव्हर्नर पाही, आणि पगाराचा मोठा वाटा अर्लसाहेबांना घरपोच मिळे.